अकरा बंदुकांची खंडेनवमी

माझा धाकटा भाऊ बंदुका कापायच्या कामावर होता. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. बंदुका चालवतात बाई, कापतात काय? पण खरंच, त्याचं काम तेच होतं. लष्करात तो वर्कशॉपमधला माणूस, गॅस कटर आणि वेल्डिंगवाला. सगळ्या देशांची मिळून जी शांतिसेना असते, निळ्या टोप्यांची, तिच्यातून त्याला वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं होतं. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे बरीच वर्षं आपापसात मारामारी चालली होती, मग समझोता झाला, आणि लढणाऱ्यांनी बंदुका आणून द्यायच्या असं ठरलं. माणूस यायचा, टेबलावर नाव नोंदवायचा, बंदूक ठेवायचा, ती दिल्याचं कार्ड घ्यायचा. मग माझ्या भावाने त्याच्या डोळ्यांसमोर त्या बंदुकीचे तीन तुकडे करायचे.

डोळ्यांसमोर, आणि त्याच दिवशी. सगळी मेख यात होती. भाऊ फोनवर सांगायचा, "ताई, कार्डाचं त्यांना काही पडलेलं नाही गं. तुकडे झालेले बघितल्याशिवाय हलत नाहीत. आपली बंदूक उद्या समोरच्या टोळीच्या हातात दिसली तर काय, ही धास्ती असते ना. आम्ही शब्द दिलाय, ज्या दिवशी द्याल त्याच दिवशी तोडू. त्या शब्दावर येतात ते."

आम्ही लालबागला चाळीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. एका खोलीत माझं शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते. माझं लग्न झालं होतं, मोडलं, तो विषय इथे नाही. दुसऱ्या खोलीत बाबा. बाबा मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मिल गेली, तिच्या जागेवर टॉवर उभा राहिला, आणि आता बाबा गॅलरीत बसून त्या टॉवरच्या लिफ्टला नावं ठेवतात. मूळचे मालवणकडचे. घरात मालवणी बोलतात, बाहेर अगदी छापील मराठी. स्वभाव माझ्यासारखाच, म्हणजे माझा त्यांच्यासारखा. आमच्या घरात साधी भाजी कुठली करायची हेसुद्धा शेजाऱ्यांना ऐकू जातं.

तर खंडेनवमी. ज्या हत्यारावर पोट चालतं ते त्या दिवशी धुवायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मिलमध्ये अख्खं खातं बंद असायचं, म्हणतात बाबा. आमच्याकडे त्यांचे पाने, कानस, हातोडी अजून दरवर्षी पाटावर येतात, आणि शेजारी माझी कात्री आणि मशीन. आदल्या दिवशी दादरहून मी झेंडू आणला होता. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला, बायका दारात उभ्या, तरी त्या दिवशी मी सुई उचलली नाही.

पूजा झाली आणि बाबांनी मला भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. त्याच्याकडे तेव्हा सकाळच होती. तो शेडमध्ये उभा होता, मागे टेबल, टेबलावर बंदुका. सकाळी सकाळी अकराजण येऊन देऊन गेले होते. त्यांना नाश्त्याला बसवलं होतं, तासाभरात कटिंग सुरू होणार होतं.

"आज?" बाबा म्हणाले. "आज खंडेनवमी. आज हत्याराक हात लावूचो नाय."

"बाबा, इथे ड्युटी आहे. शब्द दिलाय त्यांना."

"तुझ्या बापाशीन चाळीस वर्सां पाळल्यान. तुका एक दिवस जमत नाय?"

भाऊ कचरला. बाबांना तो अजूनही घाबरतो, छातीवर बिल्ले लावून फिरतो तरी. इथे मी गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी मोबाईल हिसकावून घेतला आणि म्हणाले, "एक दिवस उशीर झाला तर काय आभाळ कोसळतंय रे? बंदुका काय पळून जाणारेत? विचार की तुझ्या साहेबांना."

त्याने विचारलं. साहेबही घरापासून लांब, तुकडीचीही पूजा होतीच, ते हो म्हणाले. उद्या सकाळी पहिलं काम हेच करा. त्या अकराजणांना सांगितलं, आज आमचा सण आहे, उद्या नक्की कापतो. ते एकमेकांकडे बघत राहिले आणि मग निघून गेले. त्यांचं गाव एका दिवसात जाऊन परत येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच भावाने अकराच्या अकरा कापल्या. बघायला त्यांच्यातलं कोणीही नव्हतं.

पण त्याआधी पूजा झाली होती. त्याने कटर धुतला, नळ्या पुसल्या, चष्मा, हातमोजे, सगळं मांडलं. आणि हाताच्या सवयीने शेजारच्या अकरा बंदुकाही पुसून ओळीने ठेवल्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं, कुठली तरी पिवळी रानफुलं वाहिली. मी नंतर त्याला विचारलं, अरे, बंदुकांना कशाला? तो म्हणाला, "ताई, लोखंड समोर पडलेलं होतं. लहानपणापासून लोखंड दिसलं की कुंकू लावत आलोय. डोकं चाललंच नाही." हे त्याचं खरं आहे. आमच्या घरात त्या दिवशी गॅसच्या शेगडीलाही कुंकू लागतं.

त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. निळी टोपी घातलेला माझा भाऊ, हात जोडलेले, समोर कटर, आणि मागे फुलं वाहिलेल्या बंदुकांची ओळ. काय सांगू, ऊर भरून आला माझा. जाताना त्याने बजावलं होतं, इकडचे फोटो फक्त घरात, ताई, बाहेर नाही, नियम आहे. मला हे पक्कं माहीत होतं. विसरले होते असं मी म्हणणार नाही. वाटलं, चाळीला दाखवायला काय होतंय, घरचीच तर माणसं. चाळीच्या ग्रुपवर टाकला. मग स्टेटसलाही ठेवला, कारण ब्लाउजवाल्या बायकांनाही दिसू दे की माझा भाऊ कोण आहे.

संध्याकाळपर्यंत इतकं कौतुक झालं की विचारू नका. दसऱ्याला चौथ्या मजल्यावरची काकू आपट्याची पानं द्यायला म्हणून आली आणि तासभर फोटोबद्दलच बोलत बसली. त्याच दिवशी कुणी तरी मला एक पेज दाखवलं. वाघाचं चित्र असलेलं, देशभक्तीवालं. त्यावर आमचाच फोटो, वर जाड अक्षरांत, परदेशातही शस्त्रपूजन, आता शत्रूची खैर नाही. मला तेव्हाही आनंदच झाला. बाबा मात्र म्हणाले, "शत्रू खंयचो? थंय ह्यांचो शत्रू कोण आसा?" मी म्हटलं, बाबा, तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत खोड काढता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. आवाज वेगळाच. "ताई, फोटो बाहेर कसा गेला?"

मी म्हणाले, "का? काय झालं?"

झालं असं की फोटो फिरत फिरत तिथे पोचला होता. तिथे आपल्याकडचे व्यापारी आहेत, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर आला, त्याच्याकडून दुकानातल्या नोकरांकडे, आणि दोन दिवसांत त्या भागात ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे फोटो. अकराजणांनी आपापल्या बंदुका ओळखल्या. तोडतो म्हणून घेतलेल्या बंदुका धुऊनपुसून, फुलं वाहून ओळीत उभ्या. आणि वर शत्रूची खैर नाही, याचंही कुणी तरी भाषांतर करून टाकलेलं. हे कुणासाठी सजवून ठेवलंय? शत्रू म्हणजे आम्हीच ना? सकाळपासून गेटवर माणसं जमली होती. दगड पडत होते. भावाने दुसऱ्या दिवशी केलेले तुकडे दाखवले, तर लोक म्हणाले, तुकड्यांवर कुणाचं नाव थोडंच असतं.

"आणि खरी भीती पुढेच आहे," भाऊ म्हणाला. "नदीपलीकडून छत्तीसजणांची टोळी काल सोमवारी बंदुका द्यायला येणार होती. ते थांबलेत. आले नाहीत तर डोंगरात परत जातील आणि पुन्हा सगळं सुरू. गुरुवारी त्यांची म्हातारी माणसं टोळीला घेऊन बोलायला येणारेत. ताई, तो फोटो आधी काढ. कुठे कुठे आहे तिथून काढ."

त्याच्या मागून ओरडण्याचा आवाज येत होता. तो गेटजवळच होता. निळी टोपी घालून, हातात बंदूक असून ती चालवायची नाही अशा हुकमाखाली. ही माझी करणी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि अवलक्षण भोगत होता दुसराच.

मी माझं स्टेटस काढलं, चाळीच्या ग्रुपवरून काढलं. पेजवर जाहिरातीसाठी म्हणून एक नंबर होता, त्यावर फोन केला. उचलणारा गिरगावातला निघाला, एका वाडीत फ्लेक्स छापायचं दुकान. फोनवर म्हणाला, बघतो ताई. बघतो म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, मीही बायकांना ब्लाउजाचं तेच सांगते. पदर खोचला, बस पकडली आणि गिरगाव गाठलं.

दुकानदार तिशीतला, गळ्यात जाड साखळी, बोलायला गोड. मागे मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर सरकत होता. म्हणाला, "ताई, तुम्हाला अभिमान नाही का? एवढं व्हायरल गेलंय. तुमच्या भावाला लोक सलाम करतायत."

मी म्हणाले, "माझ्या भावाला लोक दगड मारतायत. आत्ता. या मिनिटाला."

"कोण? तिकडचे लोक? त्यांना धडा—"

"ए, थांब. तुझं नाव आहे का त्या फोटोत? तुझा भाऊ उभा आहे का तिथे? शत्रू कुणी लिहिलं? तू लिहिलंस? माझा भाऊ तिथे भांडण लावायला गेलाय की मिटवायला, एवढं तरी विचारायचं होतंस. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

वाडीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मला लाज नव्हती. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने माझ्यासमोर पोस्ट काढली आणि मग हळूच म्हणाला, "पण ताई, मलाही कुणी तरी पाठवलेलाच ना फोटो. सुरुवात मी नाही केली."

मी तशीच वाडीतून बाहेर पडले. माझी बोलती बंद करणारा माणूस मला क्वचितच भेटतो. बसस्टॉपवर उभी राहून शोधलं तर तोच फोटो आणखी पाच पेजांवर होता. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

घरी आले तर भावाचा निरोप येऊन पडला होता. साहेबांनी सुचवलं होतं, घरच्यांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा, हा सण काय, असं का करतात. गुरुवारी तो म्हाताऱ्यांना दाखवायचा. तिथे शांतिसेनेची एक दुभाषी होती, शाळेत शिकवणारी बाई, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांकडून हिंदी शिकलेली, भाऊ हिंदीत सांगेल ते ती त्यांच्या भाषेत सांगेल. ही बाई आम्हाला फोनवर ओळखत होती. एकदा तिने कॅमेऱ्यात येऊन माझ्या मशीनकडे बोट दाखवून हसून काही तरी म्हटलं होतं. भाऊ म्हणाला, तिच्या आईकडेही असंच मशीन आहे.

मी रात्रभर, म्हणजे खरंतर बुधवारची सगळी सकाळ, काय बोलायचं ते जुळवत बसले. आणि मला एक झकास कल्पना सुचली. सांगायचं की ही निरोपाची पूजा होती. उद्या बंदुका तोडायच्या म्हणून आज त्यांना शेवटचा नमस्कार केला. ऐकायला किती छान वाटतं! बाबांना म्हणाले, तुम्ही वयस्कर आहात, तुम्ही बोला, हे असं असं बोला.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्या खोटा आसा."

"बाबा, कुणाला कळणारे?"

"माका कळतला. आनी त्यांची पण माणसां म्हातारीच आसत. म्हाताऱ्याक खोटा कळता."

मी खूप भांडले. म्हणाले, तुमच्या खरेपणापायी मुलाला दगड लागायचेत. ते हलले नाहीत. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, खुर्चीत ताठ बसले आणि बाहेरच्या मराठीत बोलले, सुपरवायझरसमोर बोलतात तसे.

"मी या मुलाचा बाप. मी मिलमध्ये कामगार होतो. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करतात, कारण हत्यार पोटाला घालतं. त्या दिवशी काम बंद ठेवतात. मी मुलाला सांगितलं, आज कापू नको. त्याने तुम्हाला शब्द दिला होता, तो माझ्यामुळे मोडला. ही माझी चूक. बंदूक पोटाला घालणारं हत्यार नाही, तिला पूजेत ठेवायला नको होतं. ती माझ्या मुलाची चूक. आणि फोटो माझ्या मुलीने लोकांना दाखवला. तिला दाखवू नको म्हणून सांगितलेलं होतं. ती तिची चूक. आमच्या घरातल्या तिघांनी तीन चुका केल्या. यात कुणासाठी बंदूक ठेवायचा डाव नव्हता. मी हात जोडतो."

एका दमात बोलले. मी रेकॉर्डिंग बंद केलं. बाबांनी टोपी काढून पाणी मागितलं. मी पाणी दिलं, आणि मशीनवर बसून मोबाईलवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला.

आता जे लिहिते ते लिहायला मला फार दिवस लागलेत. मी त्यातली ती वाक्यं कापली. फोटो माझ्या मुलीने, तिथपासून तीन चुका केल्या, तिथपर्यंत. मोबाईलवर असं कापायला दोन मिनिटं लागत नाहीत. मनाशी म्हटलं, तिथल्या लोकांना फोटो कुणी दाखवला याच्याशी काय देणंघेणं? त्यांना बंदुकांचं कळलं म्हणजे झालं. उलट साहेबांनी बघितलं तर भावावर आणखी चौकशी बसेल. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण एवढंच की परक्या देशात पन्नास माणसं बसलेली आहेत आणि माझा बाप त्यांना सांगतोय की माझी मुलगी मूर्ख आहे, हे मला सोसेना. पाठवून दिला. बाबांना सांगितलं, गेला.

गुरुवार. सकाळपासून मी एक धड टाका घातला नाही. एका बाईच्या ब्लाउजाचे हूक उलट्या बाजूला लावले, उसवले, परत उलटेच लावले. बाबा गॅलरीत. बारा वाजले. एक वाजला. भावाचा फोन लागत नव्हता. बातम्यांत त्या देशाचं नावही नव्हतं, कुठल्या तरी मोठ्या हॉलमध्ये मोठ्या देशांची माणसं शस्त्रं कमी करायच्या करारावर बोलताना दाखवत होते, कोट, पाण्याच्या बाटल्या. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते गेट. दोन वाजता बाबा म्हणाले, "जेवून घे." दोघंही जेवलो नाही.

साडेचारला फोन वाजला. भाऊ म्हणाला, "आले, ताई. सोमवारी नाही आले, पण आज आले. बाबांचं ऐकून पुढे आले." मी रडले, अगदी भोकाड पसरून. बाबांनी फोन घेतला. भाऊ त्यांना सांगत होता, त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, चूक कबूल करणारा बाप बघितला, आता बंदुका देतो. आमच्यासमोर तोडा. भावाने संध्याकाळपर्यंत कापल्या. हाताला फोड आले.

"सगळ्या दिल्यानी?" बाबांनी फोन ठेवायच्या आधी विचारलं.

"जवळजवळ," भाऊ म्हणाला.

तो शब्द मी ऐकला होता. विचारलं नाही. आनंदात असले प्रश्न कोण विचारतं?

पुढे कित्येक महिने बाबांनी ही गोष्ट चाळीला सांगितली. दूधवाल्याला, टॉवरच्या वॉचमनला, लायब्ररीतल्या म्हाताऱ्यांना. पैज लावून सांगते, लालबाग ते करी रोडमध्ये असा माणूस राहिला नसेल ज्याने ती ऐकली नाही. शेवट दरवेळी एकच, "मी खरा बोललंय म्हणान ते इले." मी आत मशीन चालवत असायचे. पायडल जरा जोरात मारायचे.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा मार्च लागला होता. बारीक झालेला, हातांवर भाजल्याचे डाग. दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी बाबा खाली उतरले होते, मी मासे साफ करत होते, आणि तो मोरीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, "ताई, छत्तीसपैकी एकतीसजणांनीच दिल्या. पाच परत गेले, बंदुका घेऊन."

"का?"

"व्हिडिओ संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, फोटो बाहेर कुणी दिला? म्हातारा बंदुकांचं सांगतो, शब्दाचं सांगतो, मग हेच का नाही सांगत? नक्की कुणी तरी मुद्दाम दिलाय, तो कोण? साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे. मी मागे उभा होतो."

"तू सांगायचंस ना, बहिणीने दिला."

"तू कापलं होतंस ताई. बाबा बोलताना मध्येच असे उडी मारतात का? मला बघताक्षणी कळलं. म्हटलं, तिला नकोय ना, मग मी कशाला नाव घेऊ." तो नखाने फरशी खरवडत होता. "तीन आठवड्यांनी बाजाराच्या रस्त्यावर एक जीप अडवली. गोळ्या घातल्या. आमची दुभाषी त्यात होती. गेली ती."

मशीनकडे बोट दाखवून हसलेली ती बाई. मला तिचं नावही नीट उच्चारता यायचं नाही. मी म्हणाले, "त्या पाचांनीच?"

"माहीत नाही."

"अरे, दुसरेही असतील. तिथे कितीतरी टोळ्या आहेत म्हणायचास."

"असतील."

"मग तू असं का सांगतोयस मला?"

"पाच परत का गेले असं तू विचारलंस, म्हणून सांगितलं. मला खरंच माहीत नाही ताई. कुणालाच माहीत नाही." मला त्याच्या तोंडून फक्त नाही एवढं ऐकायचं होतं. त्या पाचांनी नाही. तो उठून तोंड धुवायला गेला.

तेवढ्यात बाबा जिना चढून आले, सोबत खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ. मुलगा आलाय तर त्याच्या तोंडूनच ऐका म्हणून घेऊन आले होते. धापा टाकत खुर्चीत बसले आणि भावाला म्हणाले, "सांग रे ह्यांका. माझो व्हिडिओ लावलो तेव्हा ते काय म्हणाले? तिघांच्यो तीन चुको मी सांगलंय, तेव्हा काय म्हणाले?"

भाऊ टॉवेल हातात धरून उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ते गृहस्थ कौतुकाने वाट बघत होते. मी हात न धुताच बाहेर आले.

"बाबा, त्यांनी दोनच चुका ऐकल्या. माझी मी कापली होती."

त्यांना आधी समजेना. मी पुन्हा सांगितलं. कसं कापलं तेही सांगितलं. पाचजणांचं सांगितलं. जीपचं सांगितलं. खालचे गृहस्थ, निघतो हां, म्हणून केव्हा गेले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

वाटलं ओरडतील. चाळ गोळा होईल. मला ते हवंच होतं. बाबा माझ्या माशांच्या हातांकडे बघत बसले आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या तोंडान तू खोटा बोललंस."

त्या दिवशी ते जेवले, माशाचं सार बरं झालंय असंही म्हणाले. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी चाळीत कुणालाही सांगितली नाही. कुणी मुद्दाम विचारलं तर माझ्याकडे हात करून म्हणतात, "तिका विचारा."